इम्पोर्टिन रोखणाऱ्या भाचीस

प्रिय बाळ,



पीएचडीचा विषय पक्का झाल्याचं ताईकडून कळलं. पेशीच्या केंद्रकात प्रथिनं नेणारे इम्पोर्टिन आणि त्यांना अडवणारी रसायनं. मनापासून आनंद झाला, आणि जराशी काळजीही वाटली. याच विषयातल्या एका निष्कर्षाचा घाईने अर्थ लावला गेला आणि त्याचे पडसाद थेट गोव्यापर्यंत उमटले. ती हकीकत तुझ्या पहिल्याच महिन्यात तुला माहीत असावी, म्हणून लिहितेय.

मालावरची लायसिन-आर्जिनिनची खूण इम्पोर्टिन-अल्फा ओळखतो, बीटा त्याला केंद्रकाच्या छिद्रातून पलीकडे नेतो, आत रॅन-जीटीपी चिकटला की माल सुटतो. हे तुला पाठ असणार. ही वाट अडवणारी रसायनं शोधताना ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या मंडळींच्या हाती आयव्हरमेक्टिन लागलं. जंतांवरचं जुनं औषध, ज्याच्या शोधाबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल मिळालं. 2012 मध्ये या मंडळींनी दाखवलं की हे औषध अल्फा-बीटाची वाट रोखतं आणि पेशींमध्ये एचआयव्ही व डेंग्यूच्या विषाणूंची वाढही दाबतं. काम चांगलं होतं.

मग 2020 चा एप्रिल आला. याच मंडळींनी व्हेरो पेशींना करोनाची लागण केली, 5 मायक्रोमोलर आयव्हरमेक्टिन एकदाच दिलं, आणि 48 तासांत विषाणूचा आरएनए सुमारे 5000 पटींनी उतरला. बातमी झाली ती त्या 5000 ची. त्या 5 कडे फार थोड्यांनी पाहिलं. तू कागद-पेन्सिल घे. या औषधाचा रेणूभार साधारण 875, म्हणजे 5 मायक्रोमोलर हे मिलिलिटरला सुमारे 4400 नॅनोग्रॅम. 12 मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा घेतल्यावर रक्तात चढून चढून मिळतात चाळीस-पन्नास नॅनोग्रॅम, आणि त्यातलेही बहुतेक रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले. शंभर पटींची ही दरी दोन ओळींच्या हिशेबात दिसते. तरी 10 मे 2021 रोजी गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधासाठी पाच दिवस या गोळ्या देण्याचं जाहीर केलं. घाबरलेल्या माणसांना काहीतरी हातात हवं होतं, हे मी समजू शकते. पण ब्राझीलमधल्या टुगेदर चाचणीत 1358 रुग्ण होते, आणि 2022 मध्ये तिचा निकाल छापून आला तेव्हा रुग्णालयात जाण्याचं प्रमाण या औषधाने खाली आल्याचं दिसलं नाही.

आता तुझ्या प्रयोगांबद्दल. मायक्रोस्कोपखाली हिरव्या केंद्रकाची चमक मावळताना पाहिली की हुरळून जायला होतं. तेव्हा आधी विचार, माल केवढा आहे? जीएफपी एकटं 27 किलोडाल्टनचं. चाळीसच्या आतली प्रथिनं इम्पोर्टिनशिवायही छिद्रातून ये-जा करतात, म्हणून लहान मालावर काढलेला निष्कर्ष तुला फसवेल. मोठा माल जोडून बघ. शेजारच्या पेशी गोल होऊन तळ सोडत असतील, तर तू वाहतूक नव्हे, मरण मोजते आहेस. नुसत्या डीएमएसओची प्लेट प्रत्येक वेळी लाव, कितीही कंटाळा आला तरी.

आणि दुसरी वाट मोकळी आहे ना, हे तपास. बर्कलीच्या गटाने 2011 मध्ये इम्पोर्टाझोल मांडलं, त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. बीटाची वाट बंद पडली, पण ट्रान्सपोर्टिनची वाहतूक सुरळीत चालली, हे त्यांनी शेजारी ठेवून दाखवलं. तेवढ्यामुळे तो निष्कर्ष पटतो. शिवाय पेशीविभाजनात हाच बीटा तर्कूच्या जुळणीवरही लक्ष ठेवतो, त्यामुळे इम्पोर्टाझोल दिलं की विभाजनही बिघडतं. रसायनाने एवढंच केलं, दुसरं काही नाही, असं कधीही लिहू नकोस.

निराश मात्र होऊ नकोस. केंद्रकातून बाहेर नेणाऱ्या एक्सपोर्टिनच्या बाबतीत वाट रोखणारं औषध रुग्णांपर्यंत पोहोचवणं साधलं आहे. लेप्टोमायसिन-बी विषारी ठरलं, रुग्णांना देता येईना, पण त्याच लक्ष्यावरचं सेलिनेक्सोर 2019 मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमासाठी मंजूर झालं. आत नेणाऱ्या इम्पोर्टिनला रोखायचं म्हणून मंजूर झालेलं औषध मात्र माझ्या माहितीत एकही नाही. तिथे काम करायला जागा आहे, आणि ते तू करावंस असं मला मनापासून वाटतं.

एक कर. प्रत्येक निकालाच्या पहिल्या ओळीत मात्रा लिही, आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात शक्य आहे का, ते दुसऱ्या ओळीत. मार्गदर्शकांनी नको म्हटलं तरी लिही. पहिला मात्रा-परिणाम आलेख तयार झाला की मला पाठव, वाट बघते.

तुझी मावशी