पन्नास पैशांच्या आतला संघ

माझा भाचा पुण्यात शिकतो. 2025 च्या मार्चमध्ये होळीची पोळी खायला तो आमच्या गावी, निमोण्याला आला होता. सकाळी सातच्या सुमारास ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची रात्र असते आणि एनबीएचे बास्केटबॉलचे सामने रंगात आलेले असतात. त्याचा लाडका संघ यूटा जॅझ. कोवळ्या पोरांचा, नव्याने उभा राहत असलेला संघ. त्या दिवशी तो पुन्हा हरला. मी दुधाची किटली घेऊन शेजारून गेलो, तर हा हसत होता.

"हरले तरी खूश?"

"मामा, आत्ता हरलेलंच बरं. तळाला राहिलो तर पुढच्या वर्षी चांगला पोरगा मिळेल."

"म्हणजे नुराच की."

"नुरा कसला? पोरं जीव तोडून खेळतायत, बघा ना."

"मग हरायचंय कुणाला?"

त्याने मोबाईल खाली ठेवला आणि डोकं खाजवलं. मी किटली घेऊन पुढे गेलो, पण प्रश्न माझ्याच मागे लागला.

नुरा म्हणजे काय, हे आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पोराटोरांनाही सांगावं लागत नाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी कडाडते. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनाम चढत जातो आणि ऊन कललं की शेवटची मानाची कुस्ती. दोघं नावाजलेले पैलवान वीस-पंचवीस मिनिटं नुसती खडाखडी करतात, मग एकाएकी एकजण चितपट. लहानपणी अशाच एका कुस्तीला मी एका म्हाताऱ्या वस्तादांशेजारी बसलो होतो. सगळा आखाडा फेटे उडवत होता आणि वस्ताद तोंड वाकडं करून म्हणाले, "पाठ लागायच्या आधी मान सैल पडली." इनाम दोघांनी आधीच वाटून घेतलेला होता. तेव्हापासून ठरवून हरणं म्हटलं की मला ती सैल पडलेली मान आठवते.

अशी मान साऱ्या जगाने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाहिली. महिला दुहेरीच्या बॅडमिंटनमध्ये पुढच्या फेरीत सोपी जोडी वाट्याला यावी म्हणून दोन्हीकडच्या खेळाडू मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात घालत होत्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक, अशा चार जोड्या म्हणजे आठ खेळाडू स्पर्धेतून बाद झाल्या. आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा त्याच स्पर्धेत गुणांच्या फरकाने बाहेर पडल्या होत्या. जपान आणि तैवान यांच्यातल्या सामन्याबद्दल भारताने तक्रारही केली, ती फेटाळली गेली. या प्रकरणात मला कधी शंका वाटली नाही. खेळाडूने हाताने हरणं म्हणजे नुरा, आणि नुऱ्याला आखाड्याबाहेर काढायचं असतं.

पण भाचा म्हणत होता ते खरंच होतं. त्याच्या मोबाईलवर मी दोन-तीन सामने नीट पाहिले. एकाही पोराची मान सैल नव्हती. वीस-एकवीस वर्षांची पोरं चेंडूमागे अंग झोकून देत होती आणि हरत होती. माझं नुऱ्याचं माप इथे लागेना.

तेव्हा ही रीत कुठून आली ते पाहायला बसलो. अमेरिकेत तरुण खेळाडूंना कुठल्या संघात जायचं ते स्वतः ठरवता येत नाही. संघ ओळीने त्यांची निवड करतात आणि जो संघ तळाला असेल त्याला आधी निवडू देतात. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. ही कल्पना बर्ट बेल याची. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो मालक, आणि त्याचा संघ तळाशी रखडलेला. श्रीमंत संघच सगळे चांगले खेळाडू उचलणार असतील तर लीग मरेल, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, पहिला नंबर बेलच्याच संघाला मिळाला, आणि त्याने निवडलेला पोरगा व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. बास्केटबॉलने 1947 मध्ये हीच रीत उचलली. हेतू चांगलाच होता. पाटाच्या टोकाला असलेल्याला आधी पाणी द्यावं, तसं.

टोकाला असणं फायद्याचं आहे हे लोकांच्या लक्षात यायला मात्र बराच काळ गेला. 1984 मध्ये ह्यूस्टनच्या संघावर उघड बोटं रोखली गेली. त्या काळी दोन विभागांतल्या तळाच्या दोन संघांत नाणेफेक होई आणि जिंकेल त्याला पहिला नंबर. हकीम ओलाजुवॉन नावाचा उंचापुरा पोरगा त्या वर्षी येणार होता. मोसमाच्या शेवटी ह्यूस्टनने 38 वर्षांच्या एल्विन हेजला जादा वेळेपर्यंत गेलेल्या एका सामन्यात सगळी 53 मिनिटं मैदानावर ठेवलं. हेज बिचारा पळतच होता, त्याने काही नुरा केला नाही. त्याला पळत ठेवणारा माणूस कडेला उभा होता. ह्यूस्टनने नाणेफेक जिंकली, ओलाजुवॉन घेतला. त्या ड्राफ्टमध्ये मायकेल जॉर्डन तिसऱ्या नंबरावर गेला, हे आता गंमत म्हणून सांगतात.

पुढच्याच वर्षी, 1985 ला, लॉटरी आली. बाद फेरीत न पोचलेल्या सातही संघांना सारखी संधी, चिठ्ठी निघेल त्याचा पहिला नंबर. मग ओरड झाली की खरोखर दुबळ्याला काय मिळालं? म्हणून 1990 पासून दुबळ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. 1993 मध्ये 82 पैकी 41 सामने जिंकलेल्या ऑरलँडोला 66 पैकी एका संधीवर पहिला नंबर लागला. पुन्हा ओरड, पुन्हा बदल, सगळ्यात तळाच्या संघाला 25 टक्के संधी. त्यावर संघ पुन्हा तळाकडे घसरू लागले, तेव्हा 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखी 14 टक्के. चाळीस वर्षं झाली, तराजूचं एक पारडं वर जातं की दुसरं खाली येतं.

या सगळ्यात एका माणसाने लाजलज्जा न बाळगता हिशेब मांडला. तोही फिलाडेल्फियाचाच. सॅम हिंकी 2013 मध्ये तिथल्या सेव्हंटीसिक्सर्स या बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक झाला. त्याने चांगले खेळाडू देऊन टाकले, बदल्यात पुढच्या वर्षांचे नंबर घेतले आणि तीन मोसमांत संघ 47 सामने जिंकला, 199 हरला. शेवटच्या मोसमात तर 82 पैकी 10. तिथले प्रेक्षक याला 'प्रोसेस' म्हणू लागले. हरायला जायचं आणि घोषणा द्यायच्या, की प्रोसेसवर भरवसा ठेवा.

हिंकीबद्दल वाचलं तेव्हा मला तो पटला होता, हे कबूल करतो. मला त्यात ताग दिसला. रान थकलं की आम्ही ताग पेरतो आणि फुलोऱ्याला येताना, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, नांगरून गाडून टाकतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, उभं पीक गाडतोय, याला काय झालंय? पण तो हंगाम वाया गेलेला नसतो, पुढच्या उसाखाली तो असतो. हिंकीने तीन हंगाम गाडले, असं मी भाच्याला फोनवर सांगितलंही. त्याला उपमा फार आवडली.

मला मात्र ती दोन-चार दिवसांतच टोचू लागली. तागाला घरदार नसतं. त्या तीन वर्षांत सेव्हंटीसिक्सर्समध्ये कितीतरी पोरं आली, दहा-दहा दिवसांच्या करारावर खेळली, हरली आणि गेली. बास्केटबॉलपटूचं उमेदीचं वय किती, सात-आठ वर्षं. त्यातलं एक वर्ष कुणाच्या तरी पुढच्या उसाखाली गेलं. त्यांना विचारलं होतं का? आणि ऊस तरी किती आला? गाडलेल्या हंगामांतून जोएल एम्बीड मिळाला, 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरं. पण 2025 पर्यंत तो संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापुढे एकदाही गेला नाही. हिंकी स्वतः 2016 च्या एप्रिलमध्येच 13 पानांचं राजीनाम्याचं पत्र लिहून बाहेर पडला होता.

नुरा लागू पडेना, ताग पटेना. शेवटी उत्तराच्या जवळ मला नेलं ते पैसेवारीने, आणि त्यासाठी अमेरिकेला जायची गरजच नव्हती.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. एका शिवारात उसाचं हिरवं, तर बांधापलीकडे पावसाच्या भरवशावरची बाजरी. गावाची पैसेवारी काढायची म्हणजे निवडलेल्या शेतांत दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा आखायचा, पीक कापायचं, तोलायचं आणि नेहमीच्या उत्पन्नाशी ताडून पाहायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईचं. मग शेतसाऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न पैसे आले तर काहीच नाही.

आता मला सांगा, सवलत मिळावी म्हणून कुणी शेतकरी उभी बाजरी जाळतो का? अशक्य. तो शेवटच्या सरीपर्यंत आभाळाकडे बघतो, टँकर विकत घेतो, औत हाकतो. पण गाव बावन्न पैशांवर अडकणार अशी कुणकुण लागली, की तुकडा कुठल्या शेतात आखायचा यावर पारावर चर्चा सुरू होते. "त्या विहिरीकाठच्या रानात कशाला, इकडे माळावर घ्या की." कुणी खोटं बोलत नाही. माळही गावातलाच असतो. नजर तेवढी आपोआप सुकलेल्या ताटाकडे वळते. मीही अशा चर्चेत बसलो आहे आणि माळाच्याच बाजूने बोललो आहे.

यूटाचं तेच चाललं होतं. पोरं बाजरी पिकवत होती, आणि तुकडा कुठे आखायचा ते वर बसलेले ठरवत होते. लाउरी मार्कानेन हा त्यांचा सर्वांत भरवशाचा खेळाडू. खेळू शकत असूनही त्याला सामन्यांपासून दूर ठेवलं, म्हणून 2025 च्या मार्चमध्ये लीगने संघाला 1 लाख डॉलर दंड केला. त्याआधी 2018 मध्ये डॅलसचा मालक मार्क क्यूबन याला 6 लाख डॉलर दंड झाला होता. आता हरलेलंच हिताचं, असं आपण खेळाडूंना सांगितल्याचं तो जाहीर बोलून गेला होता. पारावरचं बोलणं चावडीवर केलं, एवढाच त्याचा जादा गुन्हा.

सरकारलाही ही पारावरची नजर ठाऊक होतीच. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती या मोजमापांना आधी मान आला. 2023 मध्ये त्या मोजमापांवर राज्यातले 40 तालुके दुष्काळी ठरले, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. पण राहिलेल्या तालुक्यांतल्या कोरड्या गावांनी ओरड केली, आणि दहा-बारा दिवसांत हजारावर महसुली मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. एनबीएच्या लॉटरीचाच हा इतिहास. नजर चोरते म्हणून मोजमाप यंत्राकडे द्यावं, तर खरा सुकलेला बाहेर राहतो.

याच काळात आपल्या पुण्यातही एक कोवळा संघ उभा राहिला. पुणेरी पलटणने प्रो कबड्डीच्या आठव्या मोसमात राहुल चौधरीसारखं मोठं नाव हाताशी असताना चढाया सोपवल्या त्या अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांवर. अस्लम आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. पलटण त्या मोसमात बाद फेरीत पोचली. पुढच्या मोसमात अंतिम सामना जयपूरकडून 33-29 असा हरली. 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणाला 28-25 असं हरवून विजेती झाली, तेव्हा कर्णधार अस्लमच होता. या तिन्ही वर्षांत पलटण मुद्दाम हरतेय का, असा प्रश्न कुणाला पडला नाही. तो पडायला कारणच नव्हतं. प्रो कबड्डीत बहुतेक खेळाडू लिलावात मिळतात आणि शेवटच्या नंबराला लिलावात कसलाही मान नसतो. बर्ट बेलचा दुबळ्याबद्दलचा कळवळा आपल्या लीगमध्ये नाही हे खरं, आणि पोरांवर अशी बोली लावावी हे मला आवडतंच असंही नाही. पण पोरांच्या घामाबद्दल शंका घ्यायची वेळ तिथे येत नाही.

भाच्याच्या प्रश्नाला, म्हणजे माझ्याच प्रश्नाला, माझं उत्तर आता असं आहे. मार्कानेनला ज्या रात्री धडधाकट असताना बसवलं, त्या रात्री यूटाच्या मालकांना हरायचं होतं. पोरांना एकाही रात्री हरायचं नव्हतं. त्या मोसमात त्यांनी 17 सामने जिंकले, मालकांच्या हिशेबाला न जुमानता.

मे महिन्यात लॉटरी निघाली. भाच्याचा फोन आला, आवाज पडलेला. 65 सामने हरून, सगळ्यांत तळाला राहून, यूटाला पाचवा नंबर लागला होता. तळाच्या संघाला याहून खालचा नंबर तेव्हाच्या नियमाने लागूच शकत नव्हता. पहिला नंबर गेला डॅलसला, त्यांची संधी होती 1.8 टक्के. यूटाने पाचव्या नंबरावर जो पोरगा घेतला त्याचं नाव एस बेली. निवड झाली त्या दिवशी तो 18 वर्षांचा होता.