दाराबाहेरची काही मिनिटं

आपलं माणूस आत आहे, जाड दारापलीकडे. मांडीवरची फाईल बाजूला ठेवा. सावकाश श्वास घ्या आणि तो कुठून जातो ते बघा.

नाकातून घसा, घशातून श्वासनळी. छातीत ती दुभंगते. एक फाटा उजव्या फुप्फुसाकडे, एक डाव्या. अशा एखाद्या फाट्यातच कर्करोगाची गाठ वाढली की हवेची वाट अडते. मग धाप, खोकला, थुंकीतून रक्त. रात्र रात्र उशीला टेकून बसणं तुम्ही पाहिलंच आहे.

आता मन आत न्या. ब्रॉन्कोस्कोपच्या, म्हणजे श्वासनळीत बघायच्या दुर्बिणीच्या, मदतीनं नाकावाटे जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची पोकळ नळी गाठीपाशी नेलेली आहे. जागा एक्स-रेवर तपासून झाली की डॉक्टर, टेक्निशियन सगळे बाहेर येतात. मग मशीनमधून तारेच्या टोकाला बसवलेला किरणोत्सारी इरिडियम-192 चा कण, तांदळाच्या दाण्याहून लहान, त्या नळीत शिरतो. ठरल्या जागी काही सेकंद थांबतो. किंचित सरकतो. पुन्हा थांबतो.

या थांबण्यापाशी तुम्हीही थांबा. 1 सेंटिमीटरवर किरणांचा जो जोर, तो 2 सेंटिमीटरवर साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, 4 वर सोळाव्या. म्हणून गाठीला भरपूर शेक मिळतो आणि पलीकडचं निरोगी फुप्फुस बरंचसं वाचतं. दुखण्याच्या इतक्या जवळ जाऊन केलेला हा उपचार मला फार मोलाचा वाटतो. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये सिडनी यांकाउअर यांनी ब्रॉन्कोस्कोपमधून रेडियम आत नेलं होतं; तेव्हा असं दूरवरून चालवायचं मशीन नव्हतं.

इरिडियमचा जोर 74 दिवसांत निम्मा होतो. कण जुना झाला की तेवढ्याच मात्रेला जास्त वेळ लागतो. मागच्यापेक्षा आज उशीर होतोय म्हणून काही बिघडलं असं समजू नका.

आपण आत नाही, याची टोचणी लागली असेल. लागू द्या. कॅमेऱ्यातून कुणीतरी सतत पाहत आहे, माईकवर बोलता येतं, आणि गरज पडली तर कण लगेच माघारी घेता येतो.

या उपचारानं बहुतेकदा रोग जात नाही. श्वास मोकळा होतो, रक्त थांबतं. तेवढंच मागा, आणि ते कमी समजू नका. नंतर काही दिवस खोकला वाढू शकतो. पुढे कधीही जास्त रक्त पडलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

दार उघडलं की जवळ जा, हात धरा. अंगात किरण उरलेले नसतात. पाणी मात्र लगेच देऊ नका. घशाची भूल उतरली का, हे आधी सिस्टरना विचारा.