किरणांची वाट, शेजाऱ्याची रात्र

कोल्हापूरच्या अंबाबाईचं मुख पश्चिमेला. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून चांदीच्या उंबऱ्यावर येतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा हा किरणोत्सव. ढग, धुकं, हवेतली धूळ यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पण वाटेतल्या इमारतींचे वाढीव भाग, पाण्याच्या टाक्या, जाहिरातींचे फलक हे माणसाचंच काम. अभ्यासक उपकरणं लावून अडथळे शोधतात, किरणांची तीव्रता लक्समध्ये नोंदवतात आणि अडथळे हटवा म्हणून महापालिकेकडे तगादा लागतो. काही मिनिटांच्या उजेडासाठी कुणी आपल्या गच्चीवरची टाकी सरकवावी, ही अपेक्षा या शहराला अवाजवी वाटत नाही.

आता हेच उलटं करून पाहावं. समोरच्या बंगल्यावरचा फोकस रात्रभर कुणाच्या तरी पलंगावर पडतो आहे. त्या अंधारावर हक्क कुणाचा?

कायद्याला उजेडाची काळजी जुनी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीला २० वर्षं बिनबोभाट मिळत आलेला उजेड शेजाऱ्याला सहजासहजी अडवता येत नाही. अंधारासाठी तसं कलम नाही. आवाजाला निदान २००० सालचे नियम आहेत: निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. उजेडाची अशी देशभर लागू होणारी मर्यादा कुणी आखलेली नाही.

धर्माकडे बोट दाखवून हा प्रश्न टाळला जातो. दिवा मंगल, मग तक्रार कसली? पण त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर लागणाऱ्या पणत्या तेल संपलं की आपोआप विझतात. एलईडीच्या माळेला तेवढीही मर्यादा नाही. आणि याच जिल्ह्यात, कुंभोजजवळच्या बाहुबलीपासून शहरातल्या लक्ष्मीसेन मठापर्यंत, एक परंपरा दिव्यालाही जाब विचारते. ज्योतीवर किडे झेपावतात आणि मरतात, म्हणून जैन आचारात जेवण सूर्यास्तापूर्वी उरकायचं आणि मुनींनी दिवा लावायचा नाही. इथे उजेड आपोआप पुण्यवान ठरत नाही. त्याने काय केलं, हे पाहिलं जातं. ‘आम्ही काय वाईट केलं, लाइटच तर लावली’ म्हणणाऱ्याला यापेक्षा नेमकं उत्तर सापडणं कठीण.

तरी उत्सव म्हटला की ही हिशेबाची सवय सुटते. २०२४ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेसरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापुरातूनच आल्या. बाप्पापुढच्या त्या झोताला भक्ती म्हणायचं तर भक्तीची व्याख्याच सैल करावी लागेल.

उपाय अवघड नाहीत. दिव्यावर टोपण, तोंड जमिनीकडे, ठरल्या वेळी बटण बंद. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा सिल्लारी, खापा अशा आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे असेच खाली वळवले गेले. तिथे कारण तारे पाहणं हे होतं. देवीच्या किरणांसाठी टाक्या हलू शकतात, ताऱ्यांसाठी खांबावरचे दिवे वळू शकतात. शेजारच्या खोलीत झोपू पाहणाऱ्या माणसाचा अर्ज मात्र नेमक्या कोणत्या टेबलावर द्यायचा, हे महापालिकेच्या एकाही फलकावर लिहिलेलं दिसत नाही.