घड्याळ कधी सुरू झालं?



तू पाठवलेली आगगाड्यांची गणितं पाहिली. सूत्रं पाठ आहेत, आकडेमोड चोख आहे, तरीही पर्याय निवडताना हात अडखळतो, असं लिहिलंस. याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. यातल्या काही गणितांची भाषाच अपुरी आहे. पेपर काढणाऱ्याच्या मनात चित्र स्पष्ट असतं, कागदावर मात्र ते अर्धंच उतरतं. उरलेलं अर्धं तुला भरायचं असतं आणि ते कसं भरायचं हे क्लासमध्ये सहसा कोणी शिकवत नाही.

समोरासमोर असतील तर वेगांची बेरीज, एकाच दिशेने असतील तर वजाबाकी. नियम एवढाच. खरी मेहनत आहे ती वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची हे ठरवण्यात. तुझंच गणित घे. एक गाडी सकाळी 8 वाजता ताशी 40 किमी वेगाने निघाली, दुसरी त्याच स्थानकावरून त्याच दिशेने 10 वाजता ताशी 60 किमी वेगाने. दुसरी पहिलीला किती वेळाने गाठेल? दहा वाजता पहिली 80 किमी पुढे आहे आणि दर तासाला हे अंतर 20 किमीने कमी होतं, म्हणून 4 तास. पण पहिलीच्या सुटण्यापासून मोजलं तर 6 तास. तुझ्या पर्यायांत 4 आणि 6 दोन्ही आहेत, म्हणून तू थांबलीस. अशा वेळी आधी नुसती घड्याळातली वेळ काढ: दुपारचे 2. त्याबद्दल वाद होऊच शकत नाही. मग वाक्याकडे परत ये. गाठणारी दुसरी आहे, प्रश्न तिच्याबद्दल आहे, म्हणून तिच्या सुटण्यापासून मोजायचं. उत्तर 4. 'पहिली निघाल्यापासून' हे शब्द असते तरच 6 घेतले असते.

गाडी गाडीला ओलांडते तेव्हाही हाच घोळ होतो. 180 मीटर लांबीची गाडी ताशी 54 किमी, समोरून येणारी 120 मीटरची ताशी 36 किमी. मिळून ताशी 90, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. दोन्ही इंजिनं समोरासमोर आल्यापासून दोन्ही शेवटचे डबे सुटेपर्यंत 300 मीटर सरायचे आहेत, म्हणून 12 सेकंद. आता वाक्य जरा बदल: पहिल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशासमोरून दुसरी गाडी किती वेळात जाईल? त्याच्या डोळ्यांसमोरून फक्त 120 मीटरच सरकतात, म्हणून 4.8 सेकंद. दुसऱ्या गाडीतल्या प्रवाशाला पहिली 7.2 सेकंद दिसते. या दोन वेळांची बेरीज बरोबर 12 येते. तुझं उत्तर पडताळायला ही खूण उपयोगी पडेल. प्रवाशाचा उल्लेख नसेल तर दोन्ही लांब्या धर, असा रिवाज आहे. मला तो योग्यच वाटतो, कारण ओलांडणारी गाडी असते, माणूस नव्हे.

काही गणितांना मात्र खरोखरच दोन उत्तरं असतात आणि तिथे एकावर अडून बसणं चूक. 150 किमी अंतरावरून दोन गाड्या एकमेकींकडे एकाच वेळी निघाल्या, ताशी 60 आणि 40. त्यांच्यात 50 किमी अंतर कधी असेल? 1 तासाने, भेटण्याआधी. आणि 2 तासांनी, भेटून पुढे गेल्यावर. आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'च्या गणितपादात बेरीज-वजाबाकीचा हाच नियम आहे. त्याने पुढे हेही सांगून ठेवलंय की काढलेला काळ भेट होऊन गेल्याचा असू शकतो किंवा व्हायच्या भेटीचा. वेगवान वस्तू आधीच पुढे असेल, तर भेट मागेच होऊन गेलेली. दीड हजार वर्षांपूर्वी ज्याची दखल घेतली गेली, ते आजच्या प्रश्नपत्रिकेत सोडून दिलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं.

नावेच्या गणितात एवढंच पाहा की दिलेला वेग संथ पाण्यातला आहे की काठावरून दिसणारा. नुसतं 'नावेचा वेग' म्हटलं असेल तर संथ पाण्यातला धर. 'प्रवाहाच्या दिशेने वेग' म्हटलं असेल तर त्यात प्रवाह आधीच मिसळलेला आहे, तो पुन्हा मिळवू नकोस.

प्रत्यक्ष पेपरात रेघ ओढून चित्र काढ, प्रत्येक गाडीवर बाण दे आणि वेळ कुठे सुरू होते तिथे फुली मार. दोन अर्थ निघाले तर दोन्ही सोडव. एकच उत्तर पर्यायांत असेल तर प्रश्न मिटला. दोन्ही असतील तर वाक्यात जे लिहिलंय तेवढंच धर, आपल्या पदरचा शब्द घालू नकोस. लेखी उत्तर असेल तिथे 'दुसरी गाडी सुटल्यापासून वेळ मोजला आहे' असं एक वाक्य वर लिहून टाक. तपासणाऱ्याला तुझा विचार कळेल.

आणि उत्तरतालिका आली की गप्प बसू नकोस. एमपीएससी हरकती मागवते. दोन्ही अर्थ, दोन्हींची मांडणी आणि कुठला शब्द गाळलाय ते अर्ध्या पानात लिहून मुदतीत पाठव. मसुदा आधी मला दाखवलास तर बरं.

तुझा मामा