विचारणाऱ्याला कोण विचारणार?

शिक्षकाचा सारा जन्म प्रश्न विचारण्यात जातो. दिवसातून पन्नास वेळा तो दुसऱ्याला उभे करतो. त्याला स्वतःला मात्र कोणी उभे करीत नाही. तपासणीला अधिकारी येतात, पाठ-टाचणे पाहतात, हजेरीपट पाहतात, निकालाचे आकडे पाहतात. ‘मास्तर, या मुलांवर तुमचे अजून प्रेम आहे का?’ असा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो.

मागे एकदा इतिहासाच्या तासाला एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, हरलेल्या सैनिकांच्या घरच्यांचं पुढं काय झालं?” भाग संपवायची घाई होती. मी म्हणालो, “परीक्षेला नाही ते. बैस खाली.” तो बसला. भाग वेळेत संपला. माझ्या कामात कोणाला काही उणे दिसले नसते. पण त्या मुलाने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

ही बोच मनात असताना क्वेकर पंथाच्या शाळांविषयी वाचनात आले. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या शिकवणीतून हा पंथ निघाला. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्याची श्रद्धा. जुन्या पद्धतीच्या उपासनेत पुरोहित नाही, प्रवचन नाही. सर्वांनी मिळून मौनात बसायचे आणि आतून आले तरच बोलायचे. यॉर्कशायरमधील ॲकवर्थची शाळा १७७९ सालची, पेनसिल्व्हेनियातील वेस्टटाउनची १७९९ ची. अशा शाळांत गुरू आणि शिष्य एकाच मौनात बसतात. त्या वेळेपुरते कोणी शिकवणारा नाही, कोणी शिकणारा नाही.

पेनसिल्व्हेनियातच पेंडल हिल नावाचे क्वेकरांचे एक आश्रमासारखे अध्ययनकेंद्र १९३० पासून आहे. पार्कर पामर हे समाजशास्त्रज्ञ १९७५ च्या सुमारास तेथे गेले आणि बरीच वर्षे राहिले. पुढे १९९८ साली ‘द करेज टू टीच’ या पुस्तकात त्यांनी सांगितले की, उत्तम अध्यापन हे केवळ तंत्र नव्हे. ते शिक्षकाच्या अंतरंगातून उगवते. शिक्षकांच्या शिबिरांत त्यांनी क्वेकरांची एक जुनी रीत आणली. पेचात सापडलेल्याभोवती चार-पाच जण बसतात. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही. फक्त प्रामाणिक प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायची. आपल्याकडे असे चार जण मिळतील; पण सल्ला न देता गप्प बसणारे चार जण मिळणे कठीण!

कोणी म्हणेल, वर्गात साठ मुले, वर निवडणुकीची कामे. अशा शिक्षकाला मौन सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणे. हा आक्षेप खरा आहे. मौन हा पगाराला पर्याय नाही. शिवाय मौनानेही डोळे उघडतातच असे नाही. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ साली आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली. तरीही अमेरिकेतील त्यांच्या अनेक शाळांची दारे कृष्णवर्णीय मुलांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदच होती. ईश्वराचा अंश मानणारी माणसे दर आठवड्याला शांत बसत होती आणि दाराबाहेरचे मूल त्यांना दिसत नव्हते. म्हणून एकट्याचे मौन पुरत नाही. कोणीतरी प्रश्न विचारणाराही लागतो.

मार्जोरी साइक्स या क्वेकर बाई १९२८ साली मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या आणि पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या कामात रमल्या. तेथे सूतकताई आणि सफाईही शिक्षणातच धरीत. गुरुजींच्या हाती झाडू आला की मुलांपासूनचे अंतर आपोआप कमी होते. आतला उजाळा म्हणजे कामापासून सुटका नव्हे; कामाकडे पुन्हा नीट पाहणे होय.

वर्ष संपताना मी त्या मुलाला बोलावले. म्हणालो, “तो प्रश्न पुन्हा विचार. या वेळी मी ऐकतो.” तो गोंधळला. “कुठला प्रश्न, गुरुजी?” त्याला तो आठवत नव्हता.

मला मात्र आठवतो. घरोघरी पणत्या लागल्या आहेत. प्रत्येक पणतीखाली थोडा अंधार असतोच. तो कोणी दाखवला तर रागवायचे नाही, एवढे जरी मला साधले तरी पुढच्या सत्रात माझ्या वर्गात एखादा हात वर होईल.