पारा, चुंबक आणि निग्रह

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यास, तेथील सोनाजी महाराजांच्या मंदिरामुळे, पंगतीची अपूर्वाई नाही. आणि पंगतीच्या दिवशी चुलवणावर चढविलेल्या वरणाच्या गंजाकडे जो घटकाभर रिकामपणे पाहात बसेल, त्यास निसर्गाचा एक अतिप्राचीन व्यवहार दिसू लागेल. तळाचे वरण तापून हलके होते, वर येते, निवते आणि पुन्हा तळाची वाट धरते. या अभिसरणास चुंबकाने मज्जाव करता येईल काय, या प्रश्नाचा निकाल खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांनी 1952 साली गणिताने लावला आणि 1955 साली नाकागावा यांनी पाऱ्याच्या थरावर त्याचा पडताळा घेतला. (वरणापुढे चुंबक धरून काहीही होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे, त्यासाठी पारा किंवा वितळलेले लोखंड यांसारखा, विद्युत् सहज वाहू देणारा द्रव हवा.)

उभ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला पारा खालून तापविला, तर तो खळबळण्यास अधिक तापमानभेद लागतो. आणि क्षेत्र प्रबळ असेल, तर ते दुप्पट करताच हा भेद जवळजवळ चौपट व्हावा लागतो. परंतु मला विस्मय वाटतो तो या आकड्याचा नव्हे. स्वस्थ पाऱ्याला क्षेत्र हातही लावीत नाही. तो क्षेत्ररेषांना छेदून आडवा सरकू लागला, म्हणजे त्या सरकण्यानेच त्याच्या अंगी विद्युत्प्रवाह उपजतो, आणि त्या प्रवाहावर क्षेत्राचे जे बळ पडते ते सरकण्याच्या नेमके उलट असते. रेषेच्या दिशेने जाणाऱ्यास कसलीही हरकत नाही. मात्र वर गेलेल्याला कधीतरी आडवे वळावेच लागते. कर्मबंध म्हणजे दैवाचा बाहेरून आलेला हुकूम नसून मन, वाणी व काया यांच्या हालचालींतूनच तो जडतो, हे जैन आचार्यांचे प्रतिपादन मला एरवी रूक्ष वाटे. या पाऱ्यापाशी ते प्रथमच यथार्थ भासले.

मात्र यावरून निग्रहाची प्रशस्ती कोणी गाऊ नये. सूर्यावरील डागांत क्षेत्राच्या अंमलामुळे अभिसरण दबते आणि पृष्ठभाग सुमारे 5800 केल्विनवरून 4000 केल्विनच्या आसपास उतरतो. पण अडलेली उष्णता नाहीशी होत नाही, ती आजूबाजूस वाट शोधते. निराहारी मनुष्याचे विषय सुटले तरी रस सुटत नाही, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, ते याहून फारसे निराळे नाही.

पृथ्वीच्या गर्भात तर प्रकरण अधिकच गुंतागुंतीचे आहे. तेथे वितळलेल्या लोखंडाच्या अभिसरणातूनच चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते आणि ते उलटून आपल्या जनकासच आवरते. शिवाय पृथ्वीचे परिवलन हा दुसरा अडसर. आणि तरीही हे दोन अडसर योग्य प्रमाणात एकत्र आले, तर केवळ परिवलन असताना जेवढी अडचण होती तेवढीही उरत नाही! एका बंधनाने दुसऱ्याची मिठी सैल करावी, याला आमच्या नीतिशास्त्रात नाव काय, ते मला सापडलेले नाही.

पृथ्वीच्या या क्षेत्राचे दप्तर सातपुड्याच्या काळ्या पाषाणात आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा निवताना त्यातील लोहखनिजांनी त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेची नोंद घेतली, आणि अनेक थरांत ती नोंद आजच्या उलट आहे. असा एखादा धोंडा चुलवणाला लागला आणि जाळाने त्यातील मॅग्नेटाइट सुमारे 580 अंश सेल्सियसच्या पलीकडे तापले, तर ही जुनी नोंद पुसते. पण पंगत उठून धोंडा निवू लागला, की तो आजच्या क्षेत्राची नवी नोंद घेऊ लागतो. ज्ञानाग्नीने सर्व कर्मे भस्म होतात असे सांगणाऱ्यांनी या निवण्याच्या घटकेचा विचार केला होता काय, हे मला एखाद्या व्युत्पन्न शास्त्रीबुवांना विचारावयाचे आहे.