घंटा कोणाची?

वाईजवळच्या मेणवली गावी कृष्णेच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्यामागे एका लहानशा मंडपात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली पवित्र मरिया कोरलेली असून खाली १७०७ हे साल आहे. तिथे सोबत असलेल्या पुतण्याने मला विचारले, ‘‘काका, ही आपलीच ना? मग आपण ती परत का मागत नाही?’’ मला चटकन उत्तर देता आले नाही.

इतिहास आपणां सर्वांस परिचित आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. विजयाची खूण म्हणून चर्चमधील घंटा देशावर नेण्यात आल्या. नाशकात १७४७ साली उभारलेल्या नारोशंकराच्या मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरासही अशीच एक घंटा आहे.

ज्याची वस्तू त्याला परत मिळावी, हा न्याय सरळ वाटतो. पण या घंटांचा धनी कोण? पोर्तुगीज सत्ताधीश तर गलबतांत बसून निघून गेले. मागे राहिले ते या मातीतले भाविक, आपले पूर्वज. त्यांना प्रार्थनेस बोलावणारा नाद एकाएकी थांबला. हानी झाली ती त्यांची, आणि ती आपण विसरावी असे मी म्हणणार नाही.

मात्र स्मरण करायचे तर ते पुरते करावे. पोर्तुगीज अमलात याच किनाऱ्यावर देवळे पाडली गेली. ज्यांचे देव गेले त्यांचाही नाद एके दिवशी असाच थांबला असेल. आपली घंटा मोजायची आणि त्यांचे देऊळ मोजायचे नाही, अशा खोट्या मापाने प्रभूपुढे उभे राहता येत नाही.

काळ लोटला म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही, हे खरे. तथापि काळ नवी नाती जोडतो. गोदावरीला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोहोचले का, असे नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आले आहेत. ती उतरवून आणली तर ज्यांनी काही हिरावले नाही, त्यांच्याकडून आपण हिरावून घेऊ.

म्हणून मला वाटते, मागायचेच असेल तर धातू मागू नये, सत्य मागावे. ही घंटा कोठून आली, हे तिथे येणाऱ्यास कळावे. आणि तेच सत्य आपणही आपल्या घरी सांगावे. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. जे आठवतच नाही त्याची क्षमा कोण कोणाला करणार?

पुतण्याला मी एवढेच सांगितले, की घंटा इथेच राहू दे, तिची गोष्ट मात्र तू विसरू नकोस. परतीच्या वाटेवर त्याने विचारले, ‘‘आणि पाडलेल्या देवळांची गोष्ट?’’

१५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झालेले आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला आम्ही वसईच्या किल्ल्यात जाऊ, तेव्हा तीही मला त्याला सांगावी लागेल.